खालच्या पायरीवरची पिशवी

२१ एप्रिल २०२५
मुरूड, जि. रायगड

अक्का,

तू माझा फोन घेत नाहीस म्हणून कागद घेतला. पाकिटावरचं अक्षर तू ओळखशील. ओट्यावर खडूने तूच ते मला गिरवायला शिकवलंस. पाकीट न फोडता फेकू नकोस, एवढंच मागते.

मी, आबा आणि गनीकाका समुद्र पाहायला निघालो आहोत. शनिवारी सकाळी सोनगीरहून गनीकाकांच्या जुन्या ओमनीतून निघालो. रात्री नाशिकला त्यांच्या भाच्याकडे थांबलो आणि काल दिवस मावळायच्या आधी इथे पोचलो. गाडी गनीकाका चालवतात, आबा शेजारी बसून चुका काढतात. वीस वर्षं एका ट्रकमध्ये काढली तेव्हा हे उलटं होतं, आबांच्या हाती स्टिअरिंग आणि गनीकाका क्लीनर. आता गनीकाका त्याचा सूड घेतात. घाटात आबांचा पाय आपोआप ब्रेक दाबायला पुढे जातो. "दबा, दबा," गनीकाका म्हणतात, "उधर पत्रा है खाली, पाय रस्त्यावर जाईल."

तुला वाटेल, ही कुठली हौस. आबांनी बत्तीस वर्षं रावेरची केळी दिल्लीला आणि पुढे जम्मूपर्यंत नेली. बर्फ पाहिला, यमुना पाहिली, समुद्र कधी पाहिला नाही. माल उत्तरेचा होता म्हणून आयुष्यही उत्तरेकडेच गेलं. गेल्या महिन्यात ते एकाएकी म्हणाले, "कोके, समुद्र दाखाड माले." त्यांनी माझ्याकडे मागितलेली ही पहिली गोष्ट. जळगावला माझ्या वसतिगृहाच्या मुली परीक्षा संपवून घरी गेल्या आहेत, म्हणून मलाही रजा मिळाली.

काल आबा वाळूवरून चालत थेट पाण्यापर्यंत गेले. मग विचारलं, "याले पल्याडला काठ नही का?"

"है ना," गनीकाका म्हणाले, "पर उधर जाने को पासपोर्ट लगता, वना. तुझं लायसन चालत नाही." आबांना वना म्हणणारे आता तेच एकटे उरलेत.

आबांनी ओंजळ भरून तोंडाशी नेली आणि थुंकले. "बठ्ठा खारा शे," म्हणाले. सगळाच खारा, जणू कोणीतरी त्यांना फसवून माल दिला होता.

आज जंजिरा पाहायचा, मग खाली खाली जायचं, रत्नागिरीपर्यंत. वाटेत जिथे धक्का दिसेल तिथे गळ टाकून बसायचं, ही आबांची अट. मुडावदला तापीच्या काठावर ते तुला मांडीवर घेऊन बसायचे ना, तेच दोन गळ बरोबर आणले आहेत.

अक्षय्य तृतीया नऊ दिवसांवर आली, आपली आखाजी. आईच्या नावाची घागर या वर्षीही मीच भरीन. तीन आखाज्या झाल्या, तू माहेरी आली नाहीस. तुझ्या लेकीच्या, किरणच्या लग्नात आबांनी पोलीस आणले, भरल्या मांडवात तुझी मान खाली घातली, पुन्हा त्यांचं तोंड पाहणार नाही, असं तू म्हणालीस. त्याबद्दल मी आज काही लिहीत नाही. एवढंच सांगते, दर आखाजीला ते तुझ्यासाठी लुगडं घेतात. या वर्षीचं धरून पेटीत चार झाली.

आबांच्या डोळ्यांचं थोडं चाललंय. काळजीचं काही नाही.

तुझी कोकिळा


२३ एप्रिल
हर्णे, ता. दापोली

अक्का,

पहिल्या पत्रात एक खोटं लिहिलं होतं. ते तसंच पुढे न्यायला नको वाटतं.

आबांना काचबिंदू आहे. डावा डोळा गेला. गेल्या दिवाळीपर्यंत आम्हाला कळलंच नाही, कारण ते सांगत नव्हते आणि दुखत नव्हतं. उजव्या डोळ्याला आता नळीतून पाहावं तसं दिसतं. समोरच्या माणसाचं तोंड दिसतं, कान दिसत नाहीत. धुळ्याचे डॉक्टर म्हणाले, जे गेलं ते परत येत नाही, औषधाने राहिलेलं जितकं टिकेल तितकं टिकवू. किती दिवस, ते त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. म्हणून समुद्र. पाहून घ्यायच्या गोष्टींची यादी आबांच्या मनात आहे. समुद्र त्यातला दुसरा. पहिलं नाव ते घेत नाहीत.

आगरदांड्याला गाडी बोटीत चढवावी लागते. माणसं, मोटारसायकली, ट्रक, सगळं एका बोटीवर. गनीकाकांनी हँडब्रेक ओढला, गिअर टाकला आणि पलीकडच्या काठापर्यंत चाकापुढे दगड धरून बसून राहिले. आबा कठड्याला धरून उभे होते. मान हळूहळू फिरवत, डावीकडून उजवीकडे, आधी डोंगर, मग पाणी, मग पक्षी. एकेक गोष्ट वेगळी काढून पाहिल्यासारखी. किल्लाही परवा त्यांनी तसाच पाहिला. सगळा एकदम दिसत नाही, मग ते बुरूज मोजतात.

काल दुपारी इथल्या धक्क्यावर गळ टाकला. मजा सांगते. आबांनी सोनगीरहून कळण्याचं पीठ आणलं होतं. मळून, गोळी करून, काट्याला लावून पाण्यात. तापीवर मासा त्यावर तुटून पडतो. इथे लाट आली की गोळी विरघळते आणि काटा रिकामा. दीड तासात अर्धा डबा पीठ संपलं. शेजारी एक कोळीण टोपलीत कोळंबी निवडत होती. तिला शेवटी राहवलं नाही.

"काय घालताय मामा?"

"पीठ शे. ज्वारी-उडदाचं."

"मासळीला भाकरी चारताय? मग घरीच बोलवा ना जेवायला."

गनीकाका इतके हसले की त्यांना खाली बसावं लागलं. बाईने मूठभर कोळंबी आबांच्या पुढ्यात टाकली. पैसे घेतले नाहीत. आबा म्हणाले, "मन्ही मोठी आंडेर बी अशीच शे. बोलई वाकडं, देई सरळ."

अक्का, तीन वर्षांत ते तुझ्याबद्दल दुसऱ्या माणसाशी बोलले, असं मी पहिल्यांदा ऐकलं.

मासा मिळाला नाही. संध्याकाळी होड्या आल्या आणि ओल्या वाळूवर लिलाव सुरू झाला. बायकाच बोली लावत होत्या, बायकाच तोडत होत्या. मला किरणची आठवण झाली. तिची बारावी गेल्या वर्षी झाली ना? गुण किती पडले? मला विचारायचा हक्क आहे की नाही, माहीत नाही, पण विचारते.

आबांचा तो बटणांचा फोन तुला आठवतो? मागचं झाकण रबराने बांधलेला. तो ते कधी बंद करत नाहीत. रोज झोपायच्या आधी चार्जिंगला लावतात, सकाळी कानाला लावून आवाज येतो का पाहतात. नंबर बारा वर्षं तोच. मी दोनदा नवा फोन घेऊन दिला, त्यांनी गनीकाकांच्या नातवाला देऊन टाकला. तू स्वतःहून फोन करायची नाहीस आणि त्यांनी तुला करायचा नाही, असं तूच बजावलं होतंस. ते तुझा शब्द पाळतात. फक्त फोन चालू ठेवतात.

कोकिळा


२४ एप्रिल
जयगड

अक्का,

आज एक नुकसान झालं. आधी ते लिहिते.

गुहागरहून तवसाळला आलो आणि पुन्हा बोटीने जयगडला उतरलो. दुपारचे तीन असतील. जेटीच्या पायऱ्या खालपर्यंत उघड्या होत्या. खालच्या चारपाचांवर हिरवं शेवाळ आणि शंख चिकटलेले. आबा मधल्या पायरीवर बसले. चपला आणि पिशवी दोन पायऱ्या खाली ठेवली, सावली होती म्हणून. पिशवीत पाण्याची बाटली, औषधाचे थेंब, पंचा आणि फोन. फोनला ऊन लागू नये, बॅटरी फुगते, असं त्यांचं म्हणणं.

या वेळी गळाला कोळंबी होती. पलीकडे एक म्हातारा गरी टाकून बसला होता. तो म्हणाला, "भरती लागलीय हो, सामान वर घ्या."

गनीकाकांनी आकाशाकडे पाहिलं. "ढग नाही, पाऊस नाही. पानी कहाँ से आयेगा?"

मला पदवी आहे, अक्का. भूगोलात भरती-ओहोटीची आकृती काढून मी पाचपैकी पाच गुण घेतले आहेत. अमावास्या तीन दिवसांवर आहे, हेही मला ठाऊक होतं. तरी मी उठले नाही. आपल्या अंगात नदी आहे. पाणी चढायचं तर वर कुठेतरी पाऊस लागतो, हतनूर धरणाचे दरवाजे उघडावे लागतात, भोंगा वाजतो, दवंडी होते. लख्ख उन्हात, कोणी काही न सोडता, पाणी आपलं आपण वर येतं, हे पुस्तकात वाचलेलं पायाला माहीत नसतं.

मग आबांच्या गळाला ओढ लागली. जोराची. आम्ही तिघेही दोरीकडे पाहत राहिलो. आबा उभे राहून दोरी सोडत होते, आवळत होते, तापीवर करायचे तसं. त्यांचं तोंड किती वर्षांनी तसं पाहिलं. मासा वर आला तेव्हा गनीकाकांनी टाळ्या वाजवल्या. काळपट, मिशा असलेला, वीतभर. म्हातारा ओरडला, "हात नका लावू, काटा मारतो तो!" आणि येऊन त्यानेच सोडवून दिला. या सगळ्यात किती वेळ गेला, कळलं नाही. मी वळून पाहिलं तर आबांच्या पायाशी पाणी होतं. खालच्या पायऱ्या नव्हत्याच. एक चप्पल लांब तरंगत होती. पिशवी दिसली नाही.

गनीकाका कपड्यांसकट कमरेपर्यंत उतरले. म्हाताऱ्याने बांबू आणला. काही मिळालं नाही.

आबांना आधी समजेना. ते मान खाली करून नळीतून पायऱ्या शोधत होते. समजल्यावर म्हणाले, "पानी चढनं आनि भोंगा नही वाजना?" मग बसले. मला वाटलं, औषधाचं म्हणतील. तुझं नाव काढलं, "निमानी फोन करा ते?"

गनीकाका म्हणाले, "अरे, नंबर परत मिळतो वना. रत्नागिरीत दुकान आहे, आधार कार्ड दाखवलं की तोच नंबर."

"कधी?"

"परवापर्यंत."

"दोन दिन," आबा म्हणाले. तीन वर्षं तुझा फोन आला नाही, आणि त्यांना हे दोन दिवस मोठे वाटले. मासा त्यांनी पाण्यात सोडून द्यायला लावला.

आता जे लिहिते ते कोणाला सांगितलेलं नाही. फोन गेला असं कळलं त्या क्षणी मला बरं वाटलं. डोक्यावरून ओझं उतरावं तसं. मग आबांच्या तोंडाकडे पाहिलं आणि स्वतःची किळस आली. का बरं वाटलं, ते मला माहीत आहे, तुला नाही. लिहायला बसले होते तेच टाळते आहे. औषधाचे थेंब इथल्या दुकानात मिळाले, तेवढं बरं झालं.

कोकिळा


२६ एप्रिल
रत्नागिरी

अक्का,

आज तुझा आवाज ऐकला.

सिम चालू होऊन तास झाला नसेल. आम्ही मिरकरवाड्याच्या बंदरावर होतो. आबा नवा फोन हातात धरून बसले होते, खिशातही ठेवेनात. वाजला तेव्हा कुठलं बटण दाबायचं ते त्यांना कळेना. मी दाबून दिलं आणि आवाज मोठा होता म्हणून तुझं सगळं ऐकू आलं. मुद्दाम ऐकलं नाही असं म्हणणार नाही.

"आबा, कालपासून लावते, बंदच येतो. मला वाटलं, आता तुम्हीच बंद केला."

आबांनी फोन दोन्ही हातांनी धरला. मग म्हणाले, "पानीमा पडना, माय."

"डोळ्याचं मला कोणी सांगितलं नाही. कोकीचं पत्र आलं तेव्हा कळलं."

"काही नही. दिसस माले."

"समुद्र कसा आहे?"

"खारा."

तू हसलीस. मग रडलीस. मग ते बोललीस. "जाऊ द्या आबा. झालं ते झालं. तुम्ही फोन केला तेव्हा तुम्हाला वाटलं असेल बरोबर. मी मनातून काढून टाकलं. माफ केलं तुम्हाला. आखाजीला येते मी, किरणला घेऊन."

आणि माझे आबा, बत्तीस वर्षांत एकाही नाक्यावर कोणापुढे मान न झुकवलेले, मान झुकवून म्हणाले, "हां माय. येजो."

फोन ठेवल्यावर त्यांनी माझ्याकडे पाहिलं. पूर्ण मान वळवून. गनीकाका चहा आणायला म्हणून उठून गेले. त्यांनाही माहीत आहे.

"कोके, आते ती येई राहिनी," आबा म्हणाले. "तू काही लिखू नको."

इथे मी गप्प बसले तर सगळं नीट होतं. तू येशील, आबा तुला डोळे भरून पाहतील, पेटीतली चारही लुगडी तुला मिळतील. कोणाचं काही बिघडत नाही. तीन वर्षं मी हेच म्हणत आले, कोणाचं काही बिघडत नाही. पण आज त्यांनी माझ्यादेखत न केलेल्या गोष्टीची माफी घेतली.

मुलांच्या हेल्पलाइनला, १०९८ वर, फोन मी केला होता.

किरणच्या हळदीचा आदला दिवस. तू चुलीपाशी होतीस. मी किरणच्या हातावर मेंदी काढत होते. दहावीची परीक्षा नुकतीच झालेली, वय पंधरा संपून चार महिने. तिने अगदी साधेपणाने विचारलं, "मावशी, सासरी गेल्यावर माझा निकाल मला कसा कळेल?" मी म्हटलं, सांगतील कोणीतरी. मेंदी पुरी केली. मग उठून ओट्यावर आबांकडे गेले आणि म्हणाले, आबा, तुमचा फोन द्या, माझ्याला रेंज नाही.

रेंज होती, अक्का. माझा फोन माझ्या हातात होता. तरी मी आबांचा घेतला. माझं बी.ए.चं शेवटचं वर्ष होतं, वसतिगृहाच्या नोकरीची मुलाखत पुढच्या महिन्यात. भावकीत माझं नाव निघेल, लोक काय म्हणतील, तू काय म्हणशील, हे सगळं मी त्या अर्ध्या मिनिटात मोजलं. कॉलेजात वक्तृत्वाची बक्षिसं घेतली होती याच विषयावर. केळीच्या बागेत उभी राहून हळू आवाजात मी गावाचं नाव सांगितलं आणि फोन परत आबांच्या उशाशी ठेवला.

दुसऱ्या दिवशी गाडी आली. पुढचं तू पाहिलंस. अभिमन भाऊजींच्या फोनची बॅटरी संपली होती, म्हणून त्यांनी कोणाला तरी बोलवायला आबांचा घेतला, आणि आदल्या दिवसाचा तो नंबर त्यांना दिसला. सगळ्या मांडवासमोर त्यांनी फोन वर धरला. "सासरेबुवा, हा फोन तुम्ही केला?"

आबांना त्या फोनवर हिरवं आणि लाल बटण सोडून काही येत नाही, हे तिथल्या कोणाच्या डोक्यात आलं नाही. आबांनी माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं. ते म्हणाले, "हां. हाऊ फोन मीच करा."

त्यानंतर तू जे बोललीस ते माझ्यासाठी होतं, ऐकलं आबांनी.

परतताना मी रडत होते. आबा गनीकाकांना ऐकू येईल इतक्या मोठ्याने म्हणाले, म्हणजे साक्षीदार ठेवून म्हणाले, "बापवर राग ऱ्हास, तो जास. बहीणवर गया ते जात नही. मी मरी गऊ ते तुम्ही दोन्हीच ऱ्हाशात." मग म्हणाले, आता हा विषय नाही. तीन वर्षं त्यांनी तो काढला नाही, मी काढला नाही.

फोन केला याची मी तुझ्याकडे माफी मागत नाही. खोटं बोलून काय उपयोग. पुन्हा ती वेळ आली तर पुन्हा करीन. आई गेली तेव्हा मी दोन वर्षांची, तू चौदाची. तू सातवीतून निघालीस आणि मला पोटाशी धरलंस. सतराव्या वर्षी तुला रावेरकडे दिलं तेव्हा माझी फणी, माझी पाटी कुठे आहे ते गनीकाकांच्या जैनबकाकीला समजावत तू मांडवात गेलीस. तुझं सातवीचं गुणपत्रक आपल्या पेटीत आहे, गणितात ऐंशी. घरात पहिली पदवी माझी म्हणतात, तेव्हा मला ते गुणपत्रक आठवतं. किरणच्या बाबतीत तेच होताना मला पाहवलं नाही. पण त्या दिवसानंतर तुला काय सोसावं लागलं, सासूचे शब्द, भावकीने टाकलेली पंगत, भाऊजींचं महिनोन्‌महिने न बोलणं, ते सगळं मी जळगावात मेहरूणच्या खोलीत सुरक्षित बसून जैनबकाकीकडून ऐकलं. मी येऊन तुझ्या शेजारी उभं राहायला हवं होतं. मी केलं म्हणायला हवं होतं. माफी मागायची आहे ती याची. आबांच्या नावावर मी ते राहू दिलं, आणि परवा तो फोन बुडाला तेव्हा मला बरं वाटलं, याची.

जयगडचं आता तुला समजलं असेल.

कोकिळा


२७ एप्रिल, अमावास्या
रत्नागिरी

अक्का,

कालचं पत्र आबांना वाचून दाखवलं. त्यांच्या नावाने तीन वर्षं चाललेली गोष्ट त्यांना न विचारता मोडायची, हेही मला पटेना. सकाळी बंदरावर बसलो, गळ टाकले, आणि वाचलं. पिशवी या वेळी गनीकाकांच्या मांडीवर होती.

आबा रागावले. मी त्यांना असं रागावलेलं कमी पाहिलं आहे. "तुले काय मियनार शे यान्हामा? ती येई राहिनी. हाई वाची ते नही येवाव. तू तुन्हं मन हलकं करी राहिनी, वजन माले."

ते म्हणतात त्यात खरं आहेच. मी हलकी व्हायला पाहते आहे. आणि तू आली नाहीस तर ज्याची वाट ते तीन वर्षं पाहत आहेत, ती गोष्ट माझ्यामुळे दुसऱ्यांदा हुकेल. डॉक्टर दिवस सांगत नाहीत.

गनीकाकांनी मांडीवरची पिशवी सावरली. ते म्हणाले, "वना, एक बात सांगू? निमा तुझ्याकडे येईल, आणि तू तिच्याकडे बघशील कसा? काल फोनवर मान खाली घातली तू. समोर आली तरी खालीच घालशील. तुझ्याकडे एकच नळी आहे, तीही जमिनीकडे."

आबा गळाच्या दोरीकडे पाहत राहिले. भरती चढत होती. एक पायरी गेली, दुसरी गेली. ते उठले नाहीत, आम्हीही नाही.

मग म्हणाले, "धाड."

म्हणून ही दोन्ही पत्रं मी टपालात टाकत नाही, आखाजीच्या आधी पोचायची नाहीत. आज दुपारी निघतो. गनीकाका म्हणतात, परवा दुपारपर्यंत रावेरकडे पोचवतो. मला वाटेत जळगावला उतरवतील. पाकीट गनीकाका तुझ्या हातात देतील आणि गाडीत परत जाऊन बसतील. आबाही गाडीतच असतील, गावाबाहेर, केळीच्या पॅकिंगचं शेड आहे तिथे. तू वाचून होईपर्यंत ते दाराशी येणार नाहीत. ही अट त्यांचीच. फोनवरच्या माफीवर तुझ्या घरात शिरायचं नाही, म्हणाले.

आखाजीला मी सोनगीरला नसेन. घागर तू भर, आई तुझीही आहे. माझं तोंड समोर नको म्हणून तू थांबू नकोस, एवढ्यासाठी हे लिहिते. लुगडी चारही पेटीत अगदी वर आहेत. अंजिरी रंगाचं पहिल्या वर्षीचं. आबांच्या डोळ्याचे थेंब सकाळी आठ आणि रात्री आठ, ते विसरतात. त्यांच्यासमोर बसायचं तर अगदी समोर बस, बाजूला बसलीस तर दिसणार नाहीस.

आबांनी शेवटी त्यांची म्हणून एक ओळ घालायला सांगितली. त्यांच्या शब्दांत लिहिते.

"निमा, तू ये. धाकलीले मी बलावत नही. तिले मूळ धाडानं का नही, ते तू ठरव."

लेकीला माहेरी आणायला बाप माणूस धाडतो, अक्का. हे मूळ आबांनी तुझ्या हाती दिलं आहे. तू धाडलं नाहीस तर मी समजेन, आणि आबांवर राग धरणार नाही, तुझ्यावरही नाही.

मी मेहरूणला खोलीवर आहे. माझा फोन चालू असेल.

तुझी
कोकी